वहिनींचे चार प्रश्न

पत्राचा सारांश: धुळ्यातल्या एका वाचकाचं हे पत्र आहे. वय 61, नुकतेच निवृत्त. नोकरीची 26 वर्षं धुळे-साक्री अप-डाऊन केलं. एसटीच्या खिडकीतून रोज आत लांबवर एक डोंगर दिसायचा, माथ्यावर एकच झाड आणि शेजारी चुन्याचा पांढरा ठिपका, बहुधा देऊळ. रिटायर झाल्यावर तिथं चालत जायचं हे तेव्हाच मनात धरलेलं. आता दोन मित्र आणि तिघांच्या बायका असे सहाजण डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी निघायच्या विचारात आहेत. त्या डोंगराची माहिती कुठंच मिळत नाही. पुण्यातल्या मुलाने उपग्रहाच्या नकाशावर वाट आखून मोबाइलवर पाठवली आहे. पत्नी मात्र तयार नाही. त्या अमळनेरकडच्या. त्यांचं म्हणणं: "तिथं लघवीला कुठं जायचं? प्यायला पाणी आहे का? कुणाचा पाय मुरगळला तर खाली कोण आणणार? आणि गावातले काय म्हणतील?" त्यापेक्षा तोरणमाळला जाऊ, असं त्या म्हणतात. वाचक लिहितात: "ती दर वेळी असं नाट लावते. तिला कसं पटवू? आणि सोबत सामान काय काय घेऊ?"

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या डोंगरासाठी आणि दुसऱ्यांदा वहिनींच्या चार प्रश्नांसाठी. तुम्ही ते प्रश्न तक्रार म्हणून लिहिलेत. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात तयारी म्हणावी अशी तेवढीच जागा आहे. बाकी सगळी ओढ आहे. 26 वर्षं एका डोंगराकडे खिडकीतून बघत राहणं ही साधी गोष्ट नाही, आणि ती ओढ नसेल तर माणूस या वयात रविवारी पहाटे उठणार तरी कशाला? पण ओढीने दिशा कळते, वाट कळत नाही. वाटेचं वहिनी विचारताहेत. म्हणून "तिला कसं पटवू" याचं उत्तर मी देणार नाही. त्यांच्या चार प्रश्नांची उत्तरं तुम्ही दोघं मिळून शोधा. ती मिळाली की सहलीचा आराखडा झाला, आणि नाहीच मिळाली तर न जाण्याचं कारणही तुमच्या हातात आलं.

पहिला प्रश्न लघवीचा. तो तुम्ही पत्रात लिहिताना जरा संकोचलात, हे अक्षरावरूनही दिसतं. मी संकोचत नाही, कारण या एका गोष्टीपायी बायका डोंगरावर आजारी पडतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघी मैत्रिणी ऑक्टोबरात लळिंगच्या किल्ल्यावर गेलो होतो. वर आडोसा असेल-नसेल, म्हणून सकाळपासून मी अर्धा कप चहावर होते. साडेदहाच्या सुमारास बोटांना मुंग्या यायला लागल्या, समोरची पायरी दोन-दोन दिसायला लागली. मैत्रिणीने मला सावलीत बसवलं, माझी पिशवी उघडली आणि बाटली बाहेर काढली. बाटली काठोकाठ भरलेली होती. झाकण एकदाही फिरवलेलं नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसती बाटली माझ्यापुढे धरून उभी राहिली.

तेव्हा वहिनींचा पहिला आणि दुसरा प्रश्न एकच आहे असं समजा. जायला जागा नसेल तर बाई पाणी पीत नाही, आणि खान्देशच्या उन्हात पाणी न पिता चढणं म्हणजे चक्कर ठरलेली. डिसेंबरात सकाळी काकडायला होतं म्हणून हे लक्षात येत नाही. अकरा वाजले की उघड्या खडकावर ऊन चटके देतं, घाम वाऱ्यावर वाळतो आणि तहान कळतही नाही. उपाय अगदी साधे आहेत. हायवेवरच्या धाब्यावर चहाला थांबाल तेव्हा सगळ्यांनी आधी जाऊन या. वर जाताना एक जुनं गडद रंगाचं लुगडं किंवा मोठी ओढणी पिशवीत ठेवा, दोघींनी धरली की तिसरीला आडोसा होतो. सोबत एक खुरपी असू द्या. झऱ्यापासून, डबक्यापासून, देवळापासून लांब, निदान शंभर पावलं. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणायचे. आणि दर तासाला सगळ्यांनी पाच मिनिटं थांबायचं, पुरुषांनी पुढच्या वळणापर्यंत निघून जायचं, हे निघतानाच ठरवून टाका. म्हणजे "मला जायचंय" हे प्रत्येक वेळी कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही. एवढं ठरलं की वहिनी पाणी पितील. माणशी तीन लिटर धरा. ते वजन सहा किलोमीटर चालताना खांद्याला जाणवतं, तरी कमी करू नका.

आता तुमच्या एका शब्दाकडे येते. "कुणालाच माहीत नसलेला डोंगर" असं तुम्ही तीनदा लिहिलंय. भाऊ, माथ्यावर चुना लावलेलं देऊळ आहे ना? मग तो चुना कुणीतरी डोक्यावरून वर नेला. दर वर्षी नेत असेल, नाहीतर 26 वर्षं तो ठिपका पांढरा राहिला नसता. त्या डोंगराची माहिती भरपूर आहे. फक्त ती मोबाइलवर नाही, पायथ्याच्या वस्तीत आहे. गुराख्याला प्रत्येक घळीचं नाव ठाऊक असतं. अंजनाचा पाला कुठं मिळतो, पाणी दिवाळीपर्यंत टिकतं की संक्रांतीपर्यंत, मोहोळ कुठल्या कड्याला लागलंय, हे सगळं त्याच्याकडे आहे.

आणि डिसेंबर म्हणताय, तर हे आधी बघा. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात, तिकडे नवापूरकडे आणि बागलाणकडे आदिवासी समाज मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतो. काही दिवसांचं कडक व्रत असतं आणि पौर्णिमेच्या सुमारास मंडळी डोंगरावर देवाला जातात. त्या दिवसांत तो डोंगर त्यांच्यासाठी देवघर असतो. तुमचा रविवार नेमका तोच निघाला तर? तुम्ही सहाजण बूट घालून, डबे घेऊन देवघरात शिराल आणि तुम्हाला कळणारही नाही. वहिनींच्या चौथ्या प्रश्नाला, "गावातले काय म्हणतील" याला, हा अर्थ आहे. त्या लोकलाजेपोटी विचारताहेत असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, दुसऱ्याच्या दारात न सांगता जायचं कसं, हे त्या विचारत होत्या.

म्हणून माझा पहिला सल्ला: सहाजणांची सहल जरा लांबवा. आधी तुम्ही दोघंच जा, आणि त्या दिवशी डोंगर चढूच नका. एसटीने जा, वहिनींना अर्धं तिकीट आहे. फाट्यावर उतरा, गावापर्यंत चाला, दुकानापाशी चहा घ्या, पारावर बसा. आलात कुठून, चाललात कुठं हे कुणीतरी विचारेलच. खरं ते सांगा: "26 वर्षं बसमधून बघत होतो, वर जाऊन दर्शन घ्यायचंय." यापेक्षा चांगली ओळख दुसरी नाही.

विचारताना मात्र एक सांभाळा. "वर जायला रस्ता आहे का?" असं विचारलं तर समोरचा माणूस तुम्हाला नाराज करायचं नाही म्हणून "आहे ना" म्हणतो. गुरं कुठून चढतात ते विचारा. सगळ्यात वरचं पाणी कुठं आहे, आणि ते आत्ता आहे की पावसाळ्यात असतं, ते विचारा. "तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेला होता?" हा प्रश्न तर मी नेहमीच विचारते, त्याच्या उत्तरावर बाकीच्या उत्तरांचं वजन ठरतं. किती वेळ लागतो याचं उत्तर "हे काय, अर्ध्या तासात" असं येईल. ते खरंच असतं, त्यांच्या पायांचं. तुम्ही तिप्पट धरा.

आणि सगळ्यात मोलाची माहिती बायकांकडे असते, ज्या सरपण आणतात. डोक्यावर मोळी घेऊन बाई ज्या वाटेने खाली उतरते, ती वाट तुमच्या-माझ्या गुडघ्यांना चालते. तिथं उडी मारायची जागा नसते, हात टेकवायची गरज नसते, कारण तिचे दोन्ही हात मोळीला असतात. तरणी पोरं दाखवतील ती वाट जवळची असेल, पण मी मोळीची वाट धरीन. हे विचारायचं काम तुमचं नाही भाऊ, ते वहिनींचं. हापशावर उभ्या असलेल्या बायांशी त्या अहिराणीत दोन शब्द बोलल्या, "बाई, वर पानी शे का?" एवढंच, की "वाट शे, पन पानी नही" असं सरळ उत्तर त्यांना मिळेल. तुम्हाला ते मिळायला अख्खा दिवस जाईल. ज्यांना तुम्ही पटवायला निघालात त्याच या सहलीच्या वाटाड्या आहेत असं मला मनापासून वाटतं.

आता मुलाने पाठवलेली वाट. त्याने प्रेमाने केलंय, मोबाइलमध्ये असू द्या. पण उपग्रहाच्या चित्रात गुरांची वाट, पावसाळी ओहोळ आणि माणसांची पाऊलवाट तिन्ही सारख्याच पांढुरक्या रेघा दिसतात. आणि वरून काढलेल्या चित्रात कडा दिसतच नाही, सपाट होऊन जातो. छापील नकाशाचंही तसंच. सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशात उंचीच्या दोन रेषांमध्ये बहुधा 20 मीटरांचा फरक असतो. दोन-तीन पुरुष उंचीचा कडा त्या दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो, आणि तुम्हाला अडवायला तेवढा पुरतो.

हे आपल्या डोंगरांच्या जडणघडणीमुळे होतं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराचा उतार झाला, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा. खालून चढताना पुढचा कडा समोर दिसतो, माणूस थांबतो, वळसा घालतो. वरून उतरताना फक्त पुढचं गवताळ पठार दिसतं, त्याच्या कडेखाली काय आहे ते दिसत नाही. "इकडून सरळ उतरू, गाव तर समोरच आहे" असं म्हणणारा गटात एकजण असतोच. त्याचं ऐकू नका. ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरा. चढताना वळणावळणाला मागे वळून बघा, कारण परतताना तेच दृश्य दिसणार आहे.

तुमच्या भागात आणखी एक प्रकार आहे, तो तुम्ही बसमधून नक्की पाहिला असेल. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती माळावरून सरळ धावताना दिसतात, कुणी मुद्दाम बांधल्यासारख्या. जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा तिथंच गोठला, आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि भिंत उरली. तुमचा डोंगर तसला असेल, अरुंद आणि लांबट, तर धारेवर दगड सुटे असतात, पायाखाली डुगडुगतात. मग एकामागे एक चालताना अंतर ठेवा आणि पायाने दगड निसटला तर ओरडून सांगा. पहिल्या भेटीत पायथ्याला उभं राहून एवढं तरी बघून या, डोंगर पायऱ्यांचा आहे की भिंतीचा.

पाय मुरगळला तर कोण आणणार, या तिसऱ्या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. तुम्ही पाचजण, सगळे साठीच्या आसपास, एका माणसाला त्या उतारावरून उचलून आणू शकत नाही. म्हणून गावातला एक माणूस सोबत घ्या. शाळेतला पोरगा नको, मोठा माणूस घ्या. शेतात दिवसाचा रोज जेवढा मिळतो तेवढा तरी त्याला द्या. तो आकडा निघण्याआधी ठरवा आणि परतल्यावर लगेच हातात ठेवा. "काही नको हो" असं तो म्हणेल, तरी द्या, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. 108 ची रुग्णवाहिका फोनवर येते, पण फोनला रेंज लागते आणि गाडीला रस्ता लागतो. डोंगराच्या मागच्या अंगाला रेंज बहुधा जाते. म्हणून निघताना घरी किंवा शेजारी एक चिठ्ठी ठेवा: गाव कुठलं, सोबत कोण, वाटाड्याचा नंबर आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची. साप चावण्याची भीती फार असते, पण फुरसं आणि घोणस ही दगडाच्या कपारीत आणि वाळल्या गवतात असतात. न बघता कपारीत हात घालू नका, दगडावर बसायच्या आधी काठी आपटा. चावलाच तर मांत्रिक नको, चिरणं नको, करकचून बांधणं नको. तो अवयव न हलवता थेट रुग्णालय. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचं औषध ठेवलेलं असतं हे पहिल्या फेरीतच विचारून या.

वेळेचं म्हणाल तर पहाटेच्या अंधारात घर सोडा आणि उजाडलं की पायथ्याला असा. साडेअकरा वाजता जिथं असाल तिथून मागे फिरायचं, देऊळ शंभर पावलांवर असलं तरी. हे वाचायला सोपं आहे, पाळायला फार जड. म्हणून घड्याळ वहिनींच्या हातात द्या आणि त्यांचा शब्द शेवटचा हे सगळ्यांसमोर कबूल करा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो, आणि उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त कुरकुरतात. प्रत्येकाच्या हातात बांबूची काठी असू द्या.

सामानाबद्दल तुम्ही फार विचारलंय, मला त्यात फार सांगण्यासारखं वाटत नाही. नवे बूट घेऊ नका, वापरलेलेच घाला. पँट गुळगुळीत कापडाची असावी. हिवाळ्यात कुसळी गवत वाळतं आणि लोकरी मोज्यात कुसळं अशी रुततात की संध्याकाळी एकेक उपटत बसावं लागतं. टोपी, शिट्टी, बँडेज, रोजच्या गोळ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि केळी आपल्याकडे आहेतच. अत्तर-सेंट लावू नका, वर चूल पेटवू नका. धुराने आग्यामोहोळ उठतं आणि वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी करून उजाड डोंगरावर जंगल परत आणलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. गावोगाव असे नियम असतात, फलक लावलेला नसला तरी असतात. तुमच्या गावाचे काय आहेत ते विचारा, आणि जमीन वनखात्याची असेल तर वनरक्षकाच्या कानावर घाला. पायथ्याच्या शेतात तेव्हा हरभरा उभा असेल. बांधावरून चाला आणि घाटे तोडू नका. एकाने दोन घाटे तोडले तर काय जातं, असं सहाही जणांना वाटतं.

तोरणमाळचं काय करायचं, ते राहिलं. तो पर्याय वहिनींची हार-जीत म्हणून बघू नका. यशवंत तलावाकाठी मुक्काम, सकाळी सीताखाईपर्यंत रमतगमत चालणं, रात्री अंथरूण आणि दाराला कडी. हे तुमच्या मित्रांच्या बायकांनाही कदाचित जास्त हवं असेल. त्यांना कुणी विचारलंय का? पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. त्यांच्यातल्या कुणाला बीपी असेल, कुणाचा गुडघा दुखत असेल, कुणी नवऱ्याच्या शब्दाखातर हो म्हटलं असेल. माझं मत विचाराल तर सहाजणांनी तोरणमाळला जावं आणि तुमच्या डोंगरावर तुम्ही दोघांनीच, गावातल्या माणसाला सोबत घेऊन. गर्दी नको म्हणून तुम्ही हा डोंगर निवडलात, आणि गावाच्या एका हापशावर सहा माणसं बाटल्या भरायला उभी राहिली की तिथली गर्दी तुम्हीच होता. म्हणूनच तुम्ही पत्रात लिहिलेलं त्या डोंगराचं आणि गावाचं नाव मी इथं छापलेलं नाही.

त्याआधी दोन-तीन रविवार पाय तपासून घ्या. लळिंग तुम्हाला दहा किलोमीटरवर आहे, सोनगीर वीसेक. सकाळी चढा, दोघांचे पाय दुसऱ्या दिवशी कसे दुखतात ते बघा. वहिनींना तिथंच नको वाटलं तर ते नको म्हणणं ऐका. मग तुम्ही वाटाड्याबरोबर एकटे जा आणि त्या पायथ्याच्या घरी गप्पा मारत बसल्या तरी चालेल. त्यालाही सोबतच म्हणतात.

वर देऊळच असलं तर नारळ गावातल्या दुकानातूनच घ्या, धुळ्याहून नेऊ नका. कुणाचा देव, आत बायकांनी जायचं की बाहेरूनच हात जोडायचे, चपला कुठल्या दगडापाशी काढायच्या, हे वाटाड्या सांगेल. करवंट्या, अगरबत्तीची पुडी, प्लास्टिकची पिशवी सगळं खाली घेऊन या. आणि त्या एकट्या झाडापाशी पोचलात तर जरा हायवेच्या दिशेला तोंड करून बसा. साक्रीकडून येणारी लाल गाडी तिथून किती लहान दिसते ते मला पुढच्या पत्रात कळवा. झाड कसलं आहे तेही लिहा. माझा अंदाज अंजनाचा आहे.